आधी देठ, मग फूल: अंगणातल्या अनोळखी झाडांविषयी वाचकांचे प्रश्न

पाऊस स्थिरावला की परसात न लावलेलं बरंच काही उगवतं आणि आमच्याकडे फोटोंची रीघ लागते. त्यातून निवडलेल्या प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. विषारी झाडांचे प्रश्न आधी घेतले आहेत, कारण ते थांबू शकत नाहीत.

प्रश्न (चिपळूण): कुंपणाच्या मेंदीवर एक वेल आपोआप चढली आहे. फुलं खाली पिवळी, वर लालभडक. पानाचं टोक स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं आहे. खणलं तर खाली गड्डा लागला. हा कोनफळाचा प्रकार आहे का? शिजवून खाता येईल का?

उत्तर: अजिबात खाऊ नका. ही कळलावी आहे, काही भागांत हिला अग्निशिखा म्हणतात. सबंध झाड विषारी आहे, पण सर्वांत घातक म्हणजे गड्डा आणि बिया. यातलं कोल्चिसीन हे द्रव्य शिजवून नाहीसं होत नाही. पोटात गेल्यावर काही तास काहीच जाणवत नाही, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात. त्या वेळी बाहेरचं काही बाधलं असेल असं समजून घरचे उपाय केले जातात आणि मोलाचा वेळ जातो. कोणी चुकून खाल्लंच तर लक्षणांची वाट न पाहता, झाडाचा तुकडा सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठा.

कोनफळ आणि कळलावी यांत फरक करायला गड्डा खणायची गरजच नाही. कोनफळाचं पान हृदयाच्या आकाराचं, लांब देठाचं असतं, पानं समोरासमोर येतात आणि वेलाच्या दांड्याला लांबीच्या दिशेने पातळ पंख असतात. दोन बोटांत दांडा फिरवला तर त्या कडा हाताला लागतात. कळलावीचं पान भाल्यासारखं, जवळजवळ बिनदेठाचं. त्याच्या शिरा एकमेकींना समांतर जातात आणि पानाचंच टोक लांबून आधाराला वेटोळं घालतं. गड्डा बहुधा दोन बोटं फाकवल्यासारखा दुबेळका असतो. फुलाच्या सहा पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात आणि मधला दांडा काटकोनात एका बाजूला वळलेला असतो. असं फूल आपल्याकडे दुसऱ्या कुठल्याही वेलीला येत नाही.

वेल काढायची की ठेवायची? ही आपल्याकडची मूळची वनस्पती आहे आणि देखणी आहे. घरात लहान मुलं किंवा मोकळी गुरं नसतील तर राहू द्यावी, असं आमचं मत आहे. मात्र पावसाळा संपला की वरची वेल वाळून जाते आणि गड्डा जमिनीतच राहतो. उन्हाळ्यात त्याच जागी आळं खणताना तो हाती लागतो आणि तेव्हा ओळखीची कुठलीच खूण उरलेली नसते. म्हणून फुलं असतानाच जागेवर खुंटी ठोकून ठेवा. काढायची असेल तर हातमोजे घालून गड्ड्यासकट काढा आणि गुरांच्या वाटेवर टाकू नका.

प्रश्न (अमरावती): आम्ही दरवर्षी तरोट्याची भाजी करतो. यंदा विहिरीजवळ दोन तऱ्हेचा तरोटा उगवला आहे. एकाची पानं गोलसर, दुसऱ्याची टोकदार. दोन्ही चालतील का?

उत्तर: गोलसर पानांचा चालेल, टोकदार पानांचा नाही. पहिला तरोटा, म्हणजे पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातला टाकळा. दुसरा कासविंदा, त्याला काही ठिकाणी रानटाकळाही म्हणतात. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळ्यानंतर लहान मुलांना एक जीवघेणा आजार होत असे. तो मेंदू, यकृत आणि स्नायूंवर एकाच वेळी घाला घालायचा. कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खाण्याशी त्याचा संबंध असल्याचं तिथल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये दाखवून दिलं. त्यामुळे ज्या अंगणात मुलं खेळतात तिथे हे झुडूप शेंगा धरेपर्यंत ठेवू नये.

आता ओळख नीट करून घेऊ. एक पान देठासकट तोडून तळहातावर ठेवा. टाकळ्याच्या पानावर छोट्या पानांच्या, म्हणजे पर्णिकांच्या, तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडे रुंद आणि बोथट असतात, शेवटची जोडी सर्वांत मोठी. कासविंद्याला चार-पाच जोड्या असतात आणि पर्णिका टोकाकडे निमुळत्या होत जातात. पण रोप कोवळं असताना, म्हणजे नेमकी भाजी खुडायच्या वेळी, पहिल्या पानांवर जोड्या कमी असू शकतात. म्हणून फक्त जोड्या मोजून थांबू नका, ग्रंथी शोधा. टाकळ्यात ती सर्वांत खालच्या पर्णिकांच्या जोडीच्या मधोमध असते: मोहरीपेक्षाही लहान, उभी, नारिंगी-तपकिरी खुंटीसारखी. कासविंद्यात पर्णिकांच्या मध्ये काहीच नसतं. तिथे ग्रंथी देठाच्या बुडाशी, पान दांड्याला चिकटतं त्याच्या लगेच वर असते. आकाराने गोल आणि रंगाने काळपट. उजेडात पान तिरपं धरलं की नुसत्या डोळ्यांनी दिसते. चष्मा लागत असेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहा.

शेंगा आल्यावर घोटाळा राहत नाही. टाकळ्याची शेंग बारीक, लांब आणि किंचित वाकलेली असते. कासविंद्याची शेंग चपटी आणि वर वळलेली. मधला पट्टा तपकिरी, कडा फिकट. पण तोवर भाजीचा हंगाम संपलेला असतो. भाजी फुलं येण्याआधीच्या कोवळ्या शेंड्यांचीच करायची, आणि खुडताना मुठीने न ओरबाडता एकेक शेंडा पाहून घ्यायचा. दोन्ही रोपं शेजारी शेजारी उगवतात, एका मुठीत दोन्ही येतात.

प्रश्न (पुणे): गाजरासारख्या पानांची रोपं वाफ्यात उगवली आहेत. शेजारी म्हणतात कॉसमॉस आहे, राहू द्या. मला गाजर गवताची शंका येते. फुलं यायच्या आधी कसं ओळखायचं?

उत्तर: शंका रास्त आहे. गाजर गवताचं रोप सुरुवातीला जमिनीलगत पानांचं चक्र पसरतं आणि मगच मधून दांडा वर येतो. दांड्यावर उभ्या रेषा आणि बारीक लव असते, पानं एकाआड एक येतात. कॉसमॉस पहिल्यापासून उभा वाढतो आणि त्याची पानं प्रत्येक पेरावर समोरासमोर जोडीने येतात. त्यामुळे दांड्यावरची पहिली दोन-तीन पेरं पाहिली की निकाल लागतो. झेंडूच्या रोपाशीही गल्लत होते, पण झेंडूचं पान चुरडलं की त्याचा वास लपत नाही.

फुलं आल्यावर गाजर गवत दुरूनही कळतं: साबुदाण्याएवढी पांढरी फुलं, आणि भिंगातून पाहिलं तर प्रत्येकाच्या कडेला पाच इवल्या पाकळ्या. भारतात या तणाची पहिली नोंद पुण्यातच १९५५ साली झाली. त्याने त्वचेला खाज आणि इसब होतं, परागांमुळे सर्दी आणि दमा बळावतो. एकदा त्वचेला त्रास सुरू झाला की पुढच्या वेळी थोड्याशा स्पर्शानेही होतो. म्हणून 'मला काही होत नाही' म्हणून उघड्या हाताने उपटू नका. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि नाकावर रुमाल एवढं हवंच.

उपटण्याची वेळ म्हणजे चांगला पाऊस होऊन गेल्यावर, माती ओली असताना आणि फुलं येण्याआधी. कोरड्या मातीत दांडा तुटतो, मूळ राहतं आणि बुडातून चार फांद्या फुटतात. फुलांआधीचं गवत कंपोस्टात घालता येतं. फुलं आल्यावर घातलंत तर पुढच्या वर्षी खताबरोबर बी सगळ्या वाफ्यांत पसरेल. मिठाचं द्रावण फवारण्याचा सल्ला बांधावर किंवा रस्त्याकडेला ठीक असेल, बागेच्या मातीत तो आम्ही देणार नाही. तण मरतं, पण माती खारवते. पानांवर मळकट पांढऱ्या पाठीवर काळ्या वेड्यावाकड्या रेघांचे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका. गाजर गवत खाणारे हे मेक्सिकन भुंगेरे १९८४ साली बंगळुरूजवळ मुद्दाम सोडले गेले आणि तिथून पसरले. मोकळ्या जागेत टाकळा दाट उगवू दिला तरी गाजर गवत दबतं, वर सांगितलेल्या दोन झाडांतल्या पहिल्याचा हा आणखी एक उपयोग.

शेजाऱ्यांच्या कॉसमॉसबद्दलही एक सांगायला हवं. नारिंगी-पिवळ्या फुलांचा, मूळचा मेक्सिकोचा हा कॉसमॉस बागांतून निसटून पुण्याच्या टेकड्यांवर पसरला आहे. अनेकजण त्याला सोनकी समजून कौतुकाने बी उधळतात. सोनकीची पानं अखंड, दातेरी आणि एकाआड एक. कॉसमॉसची चिरलेली आणि समोरासमोर. कॉसमॉसचं बी सुईसारखं लांब असतं आणि टोकाच्या कुसळांनी कपड्याला चिकटतं. तुमच्या वाफ्यात ठेवायचाच असेल तर फुलं सुकली की बी पिकण्याआधी खुडून टाका. टेकडीवर तर त्याचं बी मुळीच टाकू नका.

प्रश्न (ठाणे): मोबाइलवरच्या ॲपमध्ये एकाच झुडपाचे तीन फोटो टाकले, तर तीन वेगळी नावं आली. विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर: तिन्ही फोटो फुलाचेच असणार. हीच सर्वसाधारण चूक आहे. ओळखीसाठी फूल महत्त्वाचं खरं, पण फक्त समोरून काढलेल्या फुलाच्या फोटोवरून जवळच्या जाती वेगळ्या करता येत नाहीत. ॲप तुलना करून उत्तर देतं. ज्या जातींचे फोटो त्याच्याकडे भरपूर आहेत त्यांच्याकडे ते झुकतं. त्याने दिलेल्या नावाला अंदाज समजा, आणि मग झाडाकडे परत जाऊन तो अंदाज तपासा.

एका झाडाचे निदान सहा फोटो हवेत: पूर्ण झाड, उंचीच्या अंदाजासाठी शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून, दांड्याला पान जोडतं ती जागा, पानाची खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने, म्हणजे त्याच्या मागची हिरवी दलं दिसतील असं, आणि फळ किंवा शेंग, कच्चं असलं तरी. भर उन्हात पांढरी आणि पिवळी फुलं फटफटीत येतात, म्हणून सकाळी किंवा आपल्या सावलीत काढा. वाऱ्यात हलणारं फूल असेल तर मागे वही धरा. ॲपमध्ये ठिकाण भरायला विसरू नका, नाहीतर भलत्या खंडातली नावं पुढे येतात.

फोटोत न येणाऱ्या गोष्टी वहीत लिहायच्या. पान तोडल्यावर पांढरा चीक येतो का? येत असेल तर रुई, कण्हेर, एरंड, वड अशा मोजक्या कुळांपुरता शोध उरतो. (चीक आल्यास हात धुवा, डोळ्यांना लावू नका.) पान चुरडल्यावर वास कसा आहे? दांडा बोटांत फिरवल्यावर गोल लागतो की चौकोनी? चौकोनी दांडा, समोरासमोर पानं आणि उग्र वास एकत्र आले की तुळशीच्या कुळाकडे बघा. मात्र घाणेरीचीही हीच तीन लक्षणं आहेत. दांड्याला मागे वळलेले बारीक काटे असले आणि एकाच गुच्छात पिवळी, नारिंगी, गुलाबी फुलं असली तर ती घाणेरी. गुच्छातली आतली फुलं नवी, बाहेरची रंग बदललेली जुनी.

सर्वांत जास्त गोंधळ पान कशाला म्हणायचं यात होतो. निर्गुडीचं उदाहरण घ्या. दिसायला प्रत्येक देठावर पाच पानं असतात, म्हणून लोक 'एका जागी पाच पानं' असं लिहितात. ते एकच पान आहे, पाच भागांचं. खूण अशी: पान जिथे फांदीला मिळतं त्या बेचक्यात डोळा असतो, म्हणजे नव्या फांदीचा बारीक कोंब. पर्णिकांच्या बुडाशी असा डोळा कधीच नसतो. डोळा सापडला की पान कुठून सुरू होतं ते कळतं, आणि मग पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक हे बरोबर सांगता येतं. इथे चूक झाली तर पुढची सगळी ओळख चुकते.

एवढं करूनही नाव जमलं नाही तर नमुना दाबून ठेवा. फूल आणि शक्यतो फळ असलेली, वीतभर लांब फांदी घ्या. छोटं रोप असेल तर मुळासकट घ्या. वर्तमानपत्राच्या घडीत पानं पसरून ठेवा, निदान एक पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजू दिसेल. वर जड पुस्तकं किंवा फळी आणि विटा. पहिल्या आठवड्यात कागद रोज बदलायचा, पावसाळ्यात तर चुकवायचाच नाही. ओल राहिली की बुरशी येते आणि पानं काळी पडून गळतात. सोबत चिठ्ठी हवी: ठिकाण, तारीख, झाडाची उंची, जागा ओलसर की खडकाळ, चीक, वास आणि फुलाचा रंग. वाळल्यावर रंग उडतो, म्हणून तो लिहायचाच. असे नमुने ताडून पाहण्यासाठी राज्यात मोठे वनस्पतिसंग्रह आहेत: पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर संग्रह. जाण्याआधी परवानगी आणि वेळ विचारून घ्या. बिनचिठ्ठीचा नमुना मात्र नेऊ नका, त्याचा कोणालाच उपयोग होत नाही.

प्रश्न (सावंतवाडी): बागेच्या कडेला झुडपं माजली आहेत. थंडीत फिकट जांभळट पांढरी, झुपकेदार फुलं येतात, मग कापसासारखं बी उडतं. दरवर्षी कापतो, दरवर्षी दुप्पट येतात. कोणी ओसाडी म्हणतं, कोणी रानमोडी.

उत्तर: रानमोडीच. ओसाडी गुडघ्याएवढी, वर्षभरात संपणारी, लवदार; तुमचं झुडूप वर्षानुवर्षं त्याच बुडातून फुटतं आहे. पानावरून खात्री करा: त्रिकोणी पान, समोरासमोर, आणि देठाजवळून निघालेल्या तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या. चुरडलं की उग्र वास.

कापून ती जाणार नाही, कारण कापल्यावर बुंध्यातून अनेक फुटवे येतात. जूनच्या पावसाने जमीन मऊ झाली की कुदळीने बुंधा मुळासकट उपटा. मोठं रान असेल आणि एका पावसाळ्यात जमणार नसेल तर उरलेली झुडपं निदान ऑक्टोबरअखेर, कळ्या धरण्याआधी जमिनीलगत कापा, म्हणजे त्या वर्षीचं बी तरी पडणार नाही. रिकामी झालेली जागा उघडी ठेवू नका. निर्गुडी, अडुळसा यांच्या फांद्या लावा. दोन्ही फांदीवरून सहज लागतात आणि गुरं त्यांना तोंड लावत नाहीत.

प्रश्न (सातारा): निळ्या फुलांचा केना कितीही उपटला तरी पुन्हा येतो. बी पडण्याआधीच काढतो, तरी का?

उत्तर: कारण हा केना जमिनीखालीही बी धरतो. पेराजवळच्या आवरणावर तांबूस केस असतील तर तुमचा केना नक्की तोच. वरच्या निळ्या फुलांशिवाय त्याला मातीत पांढुरक्या फांद्या फुटतात आणि त्यांवर कधीच न उमलणारी फुलं येतात. ती बंद असतानाच त्यांत बी तयार होतं. वरून ओढून काढलं की ही फांदी तुटून आत राहते. खुरपं वीतभर खोल घालून माती सैल करा आणि पांढऱ्या फांद्यांसकट गड्डी उचला. उपटलेले तुकडे ओल्या वाफ्यावर टाकलेत तर पेरांना मुळं फुटतात. ते फरशीवर किंवा पत्र्यावर कडकडीत वाळवा. कोवळे शेंडे भजीला चांगले लागतात, तेवढे आधी खुडून घ्या.

प्रश्न (नागपूर): घोळ समजून आणलेल्या भाजीत दुसरं काही मिसळलं असेल तर कसं ओळखू?

उत्तर: दांडा मोडा. पांढरा चीक आला तर ती नायटी, फेकून द्या. घोळीत पाण्यासारखा रस असतो आणि पान जाड, मांसल, गुळगुळीत लागतं. नायटीही तशीच तांबूस आणि जमिनीलगत पसरते, पण तिचं पान पातळ असतं. जुडीतल्या एका दांड्यावर विसंबू नका, निवडताना प्रत्येक दांडा मोडूनच घ्या.

प्रश्न (मुरबाड): पांढऱ्या सुवासिक फुलांचं, चीक येणारं झुडूप आहे. लोक कुडा म्हणतात. मला पांढरी कण्हेर वाटते.

उत्तर: पानं मोजा. कण्हेरीला एका पेरावर तीन पानं, अरुंद आणि जाड. कुड्याला दोन, समोरासमोर, हाताच्या पंजाएवढी रुंद. कुडा ठरला तर पुढे फूल जवळून पाहा. फुलाच्या तोंडाशी पांढरी झालर असेल तर तो काळा कुडा, नसेल तर पांढरा कुडा. शेंगांवरूनही कळतं: दोन्हींच्या शेंगा जोडीने लोंबतात, पण काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकींना जुळलेली असतात आणि पांढऱ्याच्या सुट्या. पोटदुखीवर पांढऱ्या कुड्याची साल देतात म्हणून स्वतः साल काढून उगाळू नका. कण्हेर पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि नुसत्या सालीवरून दोघांतला फरक सांगता येत नाही.